स्वयंपाकघरात कोणीतरी आहे

१

त्या दुपारी माझे काळे वाटाणे करपले, हे मला आधी सांगू द्या. बाकीचं सगळं सगळ्यांना आठवतं, पण माझ्या कुकरची वाट लागली त्याचं कोणाला काही पडलेलं नाही.

मी अनुपमा टिपणीस. कोर्टात स्टेनोग्राफर होते, आता निवृत्त. मुलुंड पूर्वेला चार मजली जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहते. माझ्या भिंतीला भिंत लावून श्यामसुंदर परब राहतात. ऐंशीच्या पुढचे, मूळ मालवणकडचे, अख्ख्या इमारतीचे काका. काकी गेल्यापासून त्यांच्याकडे दिवसभर शीतल असते. भांडुपची मुलगी, माणसं तिचीही तिकडचीच. त्यामुळे दोघांचं दिवसभर मालवणीत चाललेलं असतं आणि मला भिंतीपलीकडून त्यातलं अर्धंमुर्धं कळतं.

गॅसवर कुकर, डोक्यावर एक्झॉस्ट घरघरतोय, आणि मी ओट्यापाशी कांदा चिरतेय. तेवढ्यात शीतलची किंकाळी आली, ‘मावशी, धावा.’ तशीच पळाले. काकांचं दार सताड उघडं होतं, उंबऱ्यात पायपुसण्याची गुंडाळी पडलेली, तिच्यात पाय अडकून मीच आडवी व्हायची. काका न्हाणीघर आणि स्वयंपाकघराच्या मधल्या बोळात पडलेले, कपाळाला रक्त. शीतल त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली आणि तिच्या पायात चपला. ‘आधी चपला काढ,’ मी म्हटलं. वेळ काय, मी बोलते काय, पण जिभेला सवय लागलेली असते. तिने माझा हात घट्ट धरला. तिच्या बोटांना आल्याचा आणि गुळाचा वास येत होता.

पाणी आणायला मी त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. ओटा पुसलेला, कुकर धुऊन पालथा घातलेला, फळीजवळ शीतलचा फोन चार्जिंगला. काकांच्या तोंडावर पाणी मारलं. वरच्या मजल्यावरचा सुबोध गवाणकर, आमचा सेक्रेटरी, धावत खाली आला, आणि आम्ही काकांना दवाखान्यात नेलं. मनगट मोडलं होतं, कपाळाला टाके पडले. परत आले तर माझं घर धुराने भरलेलं.

संध्याकाळी मात्र एक गोष्ट खटकली. काका पडले की आमचे सगळ्यांचे फोन बोंबलायला हवे होते. काकांच्या मुलाने, श्रेयसने, तशी सोयच करून ठेवली होती. मग वाजले का नाहीत? काका निदान अर्धा तास तसेच पडून असावेत, असं डॉक्टर म्हणाले. मी म्युनिकला श्रेयसला फोन लावला.

‘मावशी, घराने कळवलं नाही, कारण घराच्या लेखी बाबा एकटे नव्हते,’ तो म्हणाला. ‘स्वयंपाकघरात कोणीतरी होतं.’

२

श्रेयस मिळेल ते विमान पकडून आला. आल्या आल्या काकांच्या पायाशी बसला आणि लहान मुलासारखा रडला. मग डोळे पुसून लॅपटॉप उघडला.

त्याचं ते ‘घर’ म्हणजे काय, ते मला समजलं तसं सांगते. काकांच्या मनगटावर एक घड्याळ, ते पडण्याचा धक्का ओळखतं. दाराला आकड्यांचं कुलूप, बाहेरून आकडे दाबून कोणी आत आलं की श्रेयसला कळतं. स्वयंपाकघरात फळीवर एक गोल डबी, ती ऐकते आणि बोलतेही. शिवाय शीतलचा, माझा आणि सुबोधचा फोन. प्रत्येक वस्तू वेगळ्या कंपनीची, प्रत्येकीला आपापलं एकच काम येतं. श्रेयसने त्यांना एकमेकींशी बोलायला लावलं आणि त्या सगळ्या गोतावळ्याला नाव दिलं ‘घर’.

पूर्वी घड्याळाला धक्का बसला की सगळ्यांचे फोन वाजायचे. मग गणपतीत आरतीला काकांनी असा काही टाळ्यांचा ठेका धरला की घड्याळाला वाटलं म्हातारा कोसळला. सुबोध अर्ध्या दाढीला साबण फासलेला जिना उतरून आला आणि भर आरतीत श्रेयसच्या नावाने ओरडला. तेव्हापासून श्रेयसने नियम बदलला. घड्याळाला धक्का बसला की घर आधी बघतं, काकांसोबत कोणी आहे का. नसेल तर सगळ्यांना फोन. असेल तर फक्त ती डबी हळूच म्हणते, ‘बाबांकडे बघा.’

‘आणि सोबत कोणी आहे, हे घर ठरवतं कसं?’ मी विचारलं.

दोन साक्षीदारांवरून, तो म्हणाला. एक, शीतलचा फोन घरात असणं. पण माणसं फोन विसरून जातात, म्हणून तेवढं पुरत नाही. दुसरा, स्वयंपाकघरातली हालचाल, आणि ती डबी ऐकते. मुळात डबी आणली ती कुकरच्या शिट्ट्या मोजायला. काकी गेल्यावर काका गॅस बंद करायला विसरायचे, ती आठवण करायची. त्या दुपारी फोन घरात होता, कुकरही शिट्ट्या देत होता. दोन साक्षी जुळल्या.

जन्मभर साक्षी टंकल्या आहेत मी. दोन साक्षी जुळल्या की न्यायाधीशाचा चेहरा कसा निवांत होतो, ते मला ठाऊक आहे. श्रेयसचा तसाच झाला होता.

शीतलला बोलावलं. तुम्ही कुठे होतात, त्याने विचारलं. बाहेर गेले होते, ती म्हणाली. कुठे? गप्प. सकाळी आत आल्याची तुमची नोंद आहे, मग पुन्हा आत आल्याची का नाही? गप्प. फोन घरी कसा? गप्प. तिने एकदा आतल्या खोलीकडे बघितलं, जिथे काका भिंतीकडे तोंड करून पडले होते. काका वळले नाहीत.

श्रेयस आवाज न चढवता बोलला, म्हणून ते जास्त लागलं. तुम्ही कानात काहीतरी घालून बसला होतात, कुकर लावून. बाबा पडले ते तुम्हाला कळलंच नाही, असं मी समजतो. उद्यापासून येऊ नका. रविवारी मी बाबांना कर्जतच्या वृद्धाश्रमात नेतोय, तिथे माणसं असतात.

शीतल गेली. काकांनी एका शब्दाने विरोध केला नाही. शेवटचा श्वास याच घरात घेणार म्हणून वर्षभर मुलाशी भांडलेला माणूस. मला ते काही केल्या पटेना.

३

माझी भाची गार्गी माझ्याकडे राहते. अंधेरीच्या एका कंपनीत तिचं काम हेच. वेगवेगळी सॉफ्टवेअरं एकमेकांना जोडली की ती कुठे कुठे चुकतात, ते हुडकायचं. बोलायला तुसडी, पण पोरगी कामाची. मी तिला सगळं सांगितलं तर तिने माझीच उलटतपासणी घेतली. पायपुसणं नेमकं कुठे होतं? चपला कुठल्या, घरातल्या का बाहेरच्या? कुकर ओला होता का कोरडा?

‘कोरडा,’ मी म्हटलं. ‘पालथा, कोरडा.’

तिने ते फोनवर टिपून घेतलं.

आधी ती सुबोधकडे गेली. त्याने रागाच्या भरात काही बंदबिंद केलं असेल, असं माझंही मत होतं. सुबोधने कबूल केलं, आरतीच्या प्रकारानंतर त्याने आपलं नाव यादीतून काढायला लावलं होतं. पण माझा फोन वाजला नाही यात त्याचा हात असणं शक्य नव्हतं, हे गार्गीने तिथेच सांगून टाकलं. सुबोधचा चेहरा पडला. माझं नाव पुन्हा घाला, असं तो आपण होऊन म्हणाला.

मग आम्ही भांडुपला शीतलकडे गेलो. डोंगराच्या उतारावरची वस्ती, भावाच्या संसारात एका कोपऱ्यात तिचं अंथरूण. तिने चहा ठेवला. डोळे सुजलेले होते. गार्गीने कुठे गेली होतीस, असं विचारलंच नाही. तिने विचारलं, आत आल्यावर चपला का काढल्या नाहीस?

‘दारातून दिसले ना ते पडलेले,’ शीतल म्हणाली. ‘चपला काढायचं भान कोणाला राहतं, ताई?’

मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. माझ्या डोळ्यांसमोर होतं ते. ही पोर तेव्हाच बाहेरून आली होती, आणि मी तिला चपलांवरून बोलले होते.

कुठे गेली होतीस ते श्रेयसला सांग आणि मोकळी हो, असं मी तिला परोपरीने समजावलं. तिने नकार दिला. काकांना शब्द दिलाय, त्यांनी सांगितलं तर सांगितलं, मी नाही सांगणार. मग तिने चहाच्या कपाकडे बघत विचारलं, ‘मावशी, ते माझ्याशी बोलत का नाहीत?’

बाहेर पडलो तर गल्लीच्या तोंडाशी एक बाई मालवणी खाजा विकत होत्या. गूळ आणि आल्याचा ताजा वास सुटला होता. तो वास मला ओळखीचा वाटला. मी गार्गीकडे बघितलं, तर ती आधीच त्या बाईंशी बोलत होती.

खाजा काकांचा जीव की प्राण. आणि श्रेयसने साखरेच्या दुखण्यापायी सगळं गोड बंद केलं होतं.

४

त्या दुपारी शीतल खाजा घेऊन गेल्याचं त्या बाईंनी सांगितलं, म्हणजे ती घरात नव्हती. हे आम्हाला कळलं होतं, आणि मी तडक श्रेयसला सांगायला निघाले होते. गार्गीने हात धरला. आधी काकांशी बोलू, ती म्हणाली.

श्रेयस कर्जतला फोन करत गॅलरीत होता. काका पलंगावर टेकून बसले होते, प्लॅस्टरचा हात उशीवर. गार्गीने पलंगाशी स्टूल ओढलं आणि विचारलं, काका, तुम्ही पडलात तेव्हा घरात कोणी होतं का?

काकांनी प्लॅस्टरचा हात उशीवर नीट घेतला.

‘ती होती,’ ते म्हणाले.

मी म्हटलं, काका, तुम्हीच तिला खाजा आणायला धाडलंत ना? ते चमकले, मग ओशाळून हसले. हो, धाडलं होतं. फोन इथेच ठेव आणि दारात पायपुसणं अडकव, म्हणजे येताना आकडे दाबायला नकोत आणि पोराला परदेशात काही कळणार नाही, हेही त्यांनीच शिकवलं होतं. पण ती लवकर परत आली, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

‘कुकर लागलेलो. मगे त्या डब्यान सांगल्यान, बाबांकडे बघा. दोनदा सांगल्यान. मीय हाक मारलंय.’ त्यांनी मोकळ्या हाताने चादर ओढून घेतली. ‘येवक नाय ती. हात मोडलो तर मोडांदे. पण ती घरात आसान येवक नाय, ह्यां माका सोसना नाय.’

म्हणून ते वळले नव्हते. म्हणून कर्जतला निघाले होते. ही गोष्ट मुलाला सांगितली तर पोरीवर आळ येईल, म्हणून त्याच्यापाशीही बोलले नव्हते. मला रडू आवरेना.

घरी आल्यावर मी गार्गीला म्हटलं, संपलं. फोन सांगतो होती, डबी सांगते होती, आणि आता काकाही तेच सांगतात. आपण एकट्या चपलांच्या भरवशावर कुठवर लढणार? गार्गी श्रेयसने पाठवलेल्या नोंदी बघत होती.

‘मावशी, काकांचा भात किती शिट्ट्यांचा?’

तीन, मी म्हटलं. शीतल मला नेहमी सांगते, चौथी झाली की त्याची खळ होते.

‘आणि सात शिट्ट्या कशाला लागतात? डबीने त्या दुपारी सात मोजल्यात.’

कडधान्याला, मी म्हटलं. चांगलं टणक असेल तर. तोवर गार्गीची नजर माझ्या मोरीकडे गेली होती. तिथे माझा करपलेला कुकर अजून चिंचेच्या पाण्यात पडला होता.

‘आज काळे वाटाणे भिजत घाल,’ ती म्हणाली. ‘उद्या दुपारी करायचेत.’

५

शनिवारी दुपारी गार्गीने सगळ्यांना काकांच्या हॉलमध्ये बसवलं. काका आरामखुर्चीत, श्रेयस उभा, सुबोध दाराशी. शीतलचा फोन तिने मागून आणला होता, तो काकांच्या स्वयंपाकघरात होता तसा चार्जिंगला लावला. शीतल स्वतः माझ्या घरी होती. माझ्या ओट्याशी, सुबोधकडून आणलेल्या कुकरवर लक्ष ठेवून. हे गार्गीशिवाय फक्त मला ठाऊक होतं. काकांच्या स्वयंपाकघरात चिटपाखरू नव्हतं, ते तिने श्रेयसला आत नेऊन दाखवलं.

बसलो. श्रेयस वैतागला होता, सामान बांधायचं राहिलंय म्हणाला. तेवढ्यात आतून, काकांच्या त्या रिकाम्या स्वयंपाकघरातून, लांबलचक शिट्टी आली.

काका ताठ झाले.

दुसरी शिट्टी आली. तिसरी आली. गार्गीने लॅपटॉप श्रेयससमोर धरला. पडद्यावर लिहून आलं, स्वयंपाकघरात कोणीतरी आहे. मग तिने काकांच्या मनगटावरचं घड्याळ सोडवलं, आणि बोळात जाऊन ते एका उशीला बांधून उशीसकट जमिनीवर आपटलं.

आमच्यापैकी एकाचाही फोन वाजला नाही. आतून, कोणी नसलेल्या ओट्यावरून, डबी शांतपणे म्हणाली, ‘बाबांकडे बघा.’

श्रेयस आत जाऊन पुन्हा ओटा बघून आला. आपलं ‘घर’ रिकाम्या खोलीशी बोलतंय, हे त्याने पहिल्यांदाच ऐकलं होतं.

गार्गीने सगळं उलगडून सांगितलं. आमच्या दोन्ही स्वयंपाकघरांच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये, इमारतीच्या मधल्या चिंचोळ्या पोकळीत, उघडतात. इकडचा आवाज तिकडे घुमतो, विशेषतः बोळात पडलेल्या माणसाला तर तो घरातलाच वाटणार. म्युनिकच्या घरात शेजारचा कुकर ऐकू येत नाही, त्यामुळे श्रेयसच्या डोक्यात ते आलंच नाही. चूक रोजचीच होती. पण एरवी शीतल खरंच घरात असायची, म्हणून ती झाकून जायची. त्या दिवशी पहिल्यांदा घर रिकामं होतं. फोन खरं बोलला, तो घरातच होता. डबी खरं बोलली, तिने शिट्ट्या ऐकल्या होत्या. काका खरं बोलले. तिघांच्या खऱ्या साक्षी एकत्र केल्या आणि त्यातून घरात नसलेली शीतल उभी राहिली.

‘मग स्वयंपाकघरात होतं कोण?’ सुबोधने विचारलं.

गार्गी माझ्याकडे वळली. एरवीची तुसडी पोरगी, पण आवाज मऊ होता.

‘ती तू होतीस, मावशी.’

भिंतीच्या पलीकडे मी कांदा चिरत होते, आणि अलीकडे हा माणूस हाका मारत होता. त्याच्या हाका माझ्या एक्झॉस्टच्या घरघरीत विरून गेल्या. मी त्यांच्याजवळ गेले आणि त्यांचा न मोडलेला हात हातात घेतला. मला ऐकू आलं नाही हो काका, एवढंच म्हटलं.

काकांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते आत बघत होते.

‘म्हणजे ती नव्हती?’ त्यांनी विचारलं. मग पुन्हा, जरा मोठ्याने, ‘ती नव्हतीच घरात?’

नव्हती, गार्गी म्हणाली. ती तुमचा खाजा घेऊन येत होती.

श्रेयसने वडिलांकडे बघितलं. कसला खाजा? काकांनी त्याला हातानेच थांबवलं आणि उठायला लागले. आम्ही दोघींनी आधार दिला. हळूहळू ते स्वयंपाकघरात गेले, ओट्याला टेकले आणि खिडकीच्या जाळीशी तोंड नेलं. पलीकडे माझा गॅस बंद झाला होता, एक्झॉस्टही. डक्टमध्ये कबुतरांची फडफड तेवढी चालू होती.

‘शीतल गो,’ त्यांनी हाक मारली.

पलीकडे भांडं पडल्याचा आवाज आला. मग माझं दार आपटलं, आणि अनवाणी पावलं धावत आली. ती दारातून सरळ स्वयंपाकघरात घुसली, हातात माझा डाव तसाच, आणि काकांसमोर येऊन थांबली. काय झालं, काय झालं, एवढंच तिच्या तोंडून येत होतं.

‘काय एक जावक नाय,’ काका म्हणाले. ‘इलंस मा? बरां झालां.’

आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती रडायला लागली तेव्हा श्रेयस तिथून बाजूला झाला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. थोड्या वेळाने येऊन त्याने तिची माफी मागितली. सगळ्यांसमोर, नीट, हात जोडून.

६

रविवारी गाडी आलीच नाही, श्रेयसने आदल्या संध्याकाळीच फोन करून टाकला होता. त्याऐवजी तो आणि गार्गी दिवसभर काकांच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून भांडत होते. डबीला शेजारची शिट्टी वेगळी ओळखायला शिकवू, असं श्रेयसचं म्हणणं. गार्गीचं म्हणणं, मूर्खा, शिट्टी येतेय म्हणजे पलीकडे मावशी आहे, आणि ती धावत येऊ शकते. घराला माणूस बरोबर सापडला होता. फक्त तो कुठे बसलाय ते चुकलं होतं.

तेव्हा आता दुसरी डबी माझ्या स्वयंपाकघरात आहे. माझ्या घरात असलं काही येऊ देणार नाही म्हणून मी किती वर्षं बडबडले, ते आता कोणी आठवण करून देऊ नये. मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवलीय. पडण्याचा धक्का बसला की आता सगळ्यांचे फोन वाजतात, सुबोधचाही, आणि माझी डबी बोलते ती वेगळी. काकांना आठवड्यातून एकदा खाजाचा एक तुकडा मिळतो. राजरोस, दार लावून, फोन घेऊन शीतल आणायला जाते आणि तेवढा वेळ मी तिकडे जाऊन बसते.

श्रेयस परत गेला त्याच आठवड्यातली गोष्ट. मी वाटाण्याच्या आमटीला फोडणी देत होते. एकाएकी डबी म्हणाली, ‘बाबांकडे बघा.’ गॅस बंद केला आणि झारा घेऊन तशीच पळाले. वरून सुबोध उतरताना ऐकू आला. शीतलने दार उघडलं तर काका आरामखुर्चीत मजेत बसलेले आणि घड्याळ समोर जमिनीवर पडलेलं.

काय झालं हो, मी धापा टाकत विचारलं.

काका जरा लाजले. घड्याळ त्यांनी मुद्दामच टाकलं होतं. फोडणीचा वास आला, म्हणाले, आणि म्हटलं, येता काय बघूया.

मी भरपूर बोलले. सुबोध त्याहून जास्त बोलला. मग मी घरी जाऊन आमटीचं पातेलं घेऊन आले, शीतलने भात वाढला, आणि आम्ही चौघं तिथेच जेवायला बसलो.